एक हजार चोवीस आठवडे

“साऱ्या जगाला वाट दाखवायची, आणि स्वतः कुठे आहोत ते सांगायला मात्र वीस मिनिटं. लाज वाटत नाही?”

धाकटी दुकानाच्या उंबऱ्यावरच थबकली. हे दुकान शोधण्यात तिची बरोबर वीस मिनिटं गेली होती, तीही एकाच गल्लीतून तीनदा. ते या माणसाला कसं कळलं, हा एक प्रश्न. आणि अनोळखी बाईशी कोणी असं बोलतं का, हा दुसरा. चांगलं खणखणीत उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की बोलणाऱ्याची तिच्याकडे पाठ आहे. खिडकीच्या कठड्यावर साबणाच्या वडीएवढं एक पिवळं यंत्र ठेवलं होतं, त्याची खरडपट्टी चालली होती.

ती खाकरली. तो वळला. वळताना डोळ्यावरचं भिंग काढायला विसरला, त्यामुळे एक डोळा माणसाचा आणि एक घुबडाचा, अशा नजरेने त्याने तिच्याकडे पाहिलं.

“तुम्हाला नव्हतो म्हणत.”

“कळलं. पण मलाही लागू पडलं,” धाकटी म्हणाली.

तो हसला. भिंग काढल्यावर तो दिसायला बरा होता — अगदी बरा. पण पांढऱ्या शर्टाचं दुसरं बटण हिरव्या दोऱ्याने लावलेलं होतं, आणि तेही पोतं शिवावं तसं. धाकटी कपडे उसवून पुन्हा मापात बसवण्याचं काम करायची. माणसाच्या डोळ्यांआधी तिला त्याची शिवण दिसायची. त्या बटणावरून तिची नजर हटेना.

दुकान त्याच्या मामांचं. मामांचे हात थरथरायला लागले म्हणून हा वर्षापूर्वी दुसऱ्या गावाहून इथे आला, पण लोकांसाठी अजून ‘नवा घड्याळजी’च होता. चारही भिंतींवर घड्याळं, आणि प्रत्येकात वेगळी वेळ. घड्याळांखेरीज दुर्बिणी, होकायंत्रं आणि उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस यंत्रंही तो दुरुस्त करायचा, विकायचा. धाकटीला तेच हवं होतं. दर रविवारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत काही हौशी माणसं जमत आणि गावाचा, पायवाटांचा, ओढ्यांचा नकाशा तयार करत. कोणालाही वापरता यावा असा, फुकटचा. ज्याने त्याने आपला भाग पायी चालायचा, यंत्राने पावलांची रेघ टिपायची, ती संगणकावर चढवायची आणि तिच्या आधाराने वाट काढायची. या मंडळाने धाकटीला तळ्याचा काठ दिला होता. अर्धाच झालेला.

“यंत्र कोणासाठी?” घड्याळजीने विचारलं. हात केवढा, डोळे कसे, स्वभाव घाईचा की निवांत, यावर सगळं ठरतं म्हणाला.

आता ‘माझ्यासाठी’ म्हणायला काय हरकत होती? पण जिभेला एकदा वळण पडलं की पडलं.

“दादासाठी,” ती म्हणाली. “माझा भाऊ. तो नकाशे करतो.”

“मग त्यांनाच आणा की.”

“तो... बाहेर असतो.”

भिंतीवरचं एक घड्याळ उगाचच चारचे ठोके देऊन गेलं. सकाळचे साडेदहा वाजले होते.

*

दादा तीन वर्षांपूर्वी तळ्यावर गेला होता. पलीकडचा काठ टिपायला, सपाट तळाच्या होडीतून, एकटा. होडी परत आली. होडीत बाकाखाली बांधलेली त्याची पिशवी आली, पिशवीत त्याचं यंत्रही आलं. दादा आला नाही. अकरा दिवस माणसं पाणी ढवळत होती. बाराव्या दिवशी बाबांनी जेवणाच्या टेबलावर नेहमीसारखी चार ताटं मांडली, आणि थोरल्याला उशीर होईल, आपण बसून घेऊ, असं म्हणाले.

त्या दिवसापासून त्या घरातली दादाची सगळी क्रियापदं वर्तमानकाळात गेली. दादाला गार चहा चालत नाही. दादा ओरडेल हं, त्याच्या वह्या हलवू नकोस. बाबांनी धाकटीला स्वयंपाकघराच्या दारात गाठून बजावलं होतं की आईसमोर भलतंसलतं काही बोलायचं नाही, ती कोसळेल. त्याच संध्याकाळी आईने तिला गच्चीवर नेऊन सांगितलं होतं की बाबांसमोर शब्द काढायचा नाही, त्यांचं हृदय आधीच नाजूक. दोघांच्या मध्ये धाकटी अस्तरासारखी. दोन्हीकडून शिवलेली, आणि बाहेरून कोणाला न दिसणारी. शेजारीपाजारी शहाणे निघाले. त्यांनीही तोंडाला टाके घातले.

गेल्या महिन्यात धाकटीला सव्वीस पूर्ण झाली. दादा सव्विसाचाच राहिलेला. आता यापुढे ती त्याच्याहून मोठी होत जाणार होती, आणि घरात तिला हाक मात्र तीच: धाकटे.

*

घड्याळजीने तिच्यापुढे तीन यंत्रं ठेवली. एक ते शिव्या खाल्लेलं पिवळं, बटणांचं, पेन्सिल सेलवर चालणारं. दुसरं चकचकीत, सगळा चेहरा काचेचा, बोटाने सरकवायचं. तिसरं काळं, काडेपेटीएवढं. त्याला तोंडच नव्हतं. खिशात टाकायचं आणि विसरून जायचं, ते मुकाट्याने लिहीत राहतं.

“हे काचेचं सुंदर आहे,” धाकटी म्हणाली.

“आहे. पण ओल्या बोटांना ओळख देत नाही.”

“काही माणसंही तशीच असतात.”

“मी कोरड्या बोटांनाही उशिराच ओळखतो,” तो म्हणाला, “अशी घरच्यांची तक्रार आहे.”

मग फोनच का नको, असं तिने विचारलं, तेव्हा तो जरा गंभीर झाला. फोनला एक खोड असते म्हणाला. तुम्ही रस्ता सोडून माळात शिरलात, तरी तो तुम्हाला ओढून रस्त्यावरच चिकटवतो. त्याला वाटतं, शहाणा माणूस रस्ता सोडून कशाला जाईल? नकाशा करणाऱ्याला ते चालत नाही. जिथे पाऊल, तिथे बिंदू. चुकलं तर चुकलेलं दिसू दे, पण सोयीचं करून नको.

धाकटीला आपलं घर आठवलं. 

असल्या गोष्टी दुकानात बसून ठरत नाहीत, असं त्याचं मत पडलं. तिन्ही यंत्रं एका पिशवीत घालून एकाच वाटेने जायचं, यायचं आणि तीन रेघा शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. पहिल्यांदा ती एकटी गेली. दुसऱ्यांदा तो म्हणाला की एकाच माणसाच्या चालीवर निकाल देणं बरं नाही. तिसऱ्यांदा त्याने कारण दिलं नाही, तिने विचारलं नाही.

दर दोन दिवसांनी असं व्हायला लागलं. पायऱ्यांची गल्ली, गोदामांच्या उंच भिंतींमधली चिंचोळी वाट, झाडांखालचा कालवा. उंच भिंतींमध्ये काचेचं यंत्र वेड्यासारखं नाचायचं. रेघ भिंतीतून आत शिरून पलीकडे निघायची. उपग्रहाचा आवाज भिंतीवर आपटून उशिरा पोचतो, प्रतिध्वनीसारखा, आणि यंत्राला वाटतं आपणच तिकडे आहोत, असं त्याने समजावलं. धाकटीला ऐकताना थोडं शहारून आलं. पण तो चालताना नेहमी वाटेच्या खड्ड्यांकडच्या बाजूने चालायचा, हेही तिने टिपलं होतं.

एकदा ग्रंथालयाच्या पायरीवर बसून पिवळ्याला आकाश सापडायची वाट बघत असताना तिला राहवेना. तिने कॉलरमागे टोचलेली सुई काढली, दाताने हिरवा दोरा तोडला आणि बटण पांढऱ्याने लावायला घेतलं — शर्ट त्याच्या अंगावरच असताना.

“हलू नका.”

तो पुतळा झाला. पाच टाके झाले, सहा झाले.

“श्वास घेतलात तरी चालेल,” ती म्हणाली.

“उपग्रह सापडेपर्यंत हलायचं नसतं.”

“सापडला नाही अजून?”

“मला सापडला... यंत्राचं माहीत नाही.”

सुई बोटात जाता जाता राहिली.

आणि प्रत्येक वेळी निरोप घेताना तो न चुकता विचारायचा, दादांना कसं वाटलं? धाकटी घरी जाताना उत्तरं तयार करायची. दादा म्हणतो पिवळ्याची बटणं कडक आहेत. दादा म्हणतो काळं बरं, पण वाटेत खूण करता येत नाही. दादा म्हणतो घाई करू नकोस, नीट बघून घे. हळूहळू दादाला अशी मतं फुटायला लागली जी त्याची कधीच नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा दादा काहीतरी नवं बोलत होता. आणि एकदा रस्त्याने चालताना धाकटीला वाटलं, आपण हे बनवत नाही, ऐकतो आहोत. तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

आता खरं सांगावं, असं ती रोज ठरवायची. पण खरं सांगितलं की दादाच्या निमित्ताने दुकानात यायचं कारण गेलं, आणि ज्या माणसाला तीन आठवडे दादाचे निरोप पोचवले तो तिच्याकडे कसा बघेल, याची तिला त्या ऐकू येणाऱ्या दादापेक्षा जास्त भीती वाटत होती. हेही तिने स्वतःशी नीटसं कबूल केलं नव्हतं.

*

शेवटची चाचणी तळ्याच्या अलीकडच्या काठावर झाली, पंपघराजवळ. दुकानात परत येऊन त्याने तिन्ही रेघा संगणकावर घेतल्या. पिवळ्याची सगळ्यात शहाणी निघाली. मग इतरांनी या भागात काय टिपलंय ते बघू, म्हणून त्याने मंडळाच्या नकाशावरच्या बाकीच्या रेघा मागवल्या.

पलीकडच्या काठावर एक रेघ उमटली.

तिथे कोणी जात नाही हे धाकटीला माहीत होतं. तीन वर्षांत तीही गेली नव्हती. रेघ बारीक होती आणि काठाला धरून जात होती. ठरावीक अंतरावर तिच्यात बिंदूंचा गठ्ठा व्हायचा, जणू कोणी थांबून पाण्याकडे बघत उभं राहिलं असावं. त्याने चित्र मोठं केलं. एक रेघ नव्हती ती, तुकडे होते. दर तुकडा आधीच्यापेक्षा थोडा पुढे जाणारा. पण प्रत्येकाची सुरुवात एकाच ठिकाणी.

“हे बरोबर नाही,” तो पुटपुटला. “सुरुवात पाण्यात आहे.”

होतीच. नकाशावरच्या निळ्यात, काठापासून चांगली वीसेक पावलं आत, रेघ सुरू व्हायची आणि पाण्यातून चालत बाहेर यायची. दर वेळी.

कोणाची ते बघायला त्याने बिंदूवर टिचकी मारली. नाव आलं: थोरला.

धाकटीने हातातला चहाचा कप खाली ठेवला. नकाशावर ते नाव दादाने स्वतःसाठी घेतलं होतं. तिला चिडवायला, तू धाकटी तर मी थोरला म्हणून. खाली तारीख होती. एकोणीस वर्षांपूर्वीची, वर काही महिने.

“पण तेव्हा तर दादा नऊ वर्षांचा होता. आमच्या घरात साधं...”

ती थांबली. आपण ‘होता’ म्हणून गेलो, ते तिला ऐकू आलं. वाक्य तसं साधंच होतं. घड्याळजीने संगणकावरची नजर हलवली नाही. भिंतीवरची सगळी घड्याळं आपापली वेळ सांगत होती, आणि त्यातली एकही खरी नव्हती.

“मी बघतो,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही घरी जा. पोचवू का?”

ती नको म्हणाली. तरी तो वळणापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पहिल्यांदाच तिच्या शिलाईच्या खोलीत आला. अर्ध्या उसवलेल्या कोटांच्या ढिगात जागा करून बसला आणि एक कागद पुढे केला. त्यावर आकडेमोड होती. रात्री झोपला नसावा.

त्याचं म्हणणं असं. जुनी यंत्रं आठवडे मोजतात, पण त्यांना एक हजार चोवीसपर्यंतच मोजता येतं. तेवढे भरले की काटा पुन्हा शून्यावर, आणि बिचाऱ्यांना वाटतं आपण मागेच आहोत. सात हजार एकशे अडुसष्ट दिवस. एकोणीस वर्षं आणि साडेसात महिने. नव्या यंत्रांना ते शिकवलेलं असतं. जुन्यांना कोणी शिकवायला गेलं नाही, तर ती त्याच चुकीत सुखाने जगतात. जागा बिनचूक सांगतात, काळ मात्र चुकलेला.

“त्या तारखेत एवढे आठवडे मिळवले,” तो हलकेच म्हणाला, “तर गेल्या गुरुवारची येते. आधीची त्याच्या आधीच्या गुरुवारची. असे आठ महिने. कोणीतरी ते जुनं यंत्र घेऊन दर गुरुवारी सकाळी तिथे चालतंय.”

“पाण्यातून?”

“सुरू होताना यंत्र थोडं चाचपडतं...” तो म्हणाला. पण दर वेळी एकाच जागी कसं चाचपडतं, ते त्याला सांगता आलं नाही.

धाकटी घरी गेली. आई शेजारी गेली होती, बाबा पेपर वाचत होते. तिने दादाचं कपाट उघडलं. ते उघडायची त्या घरात रीत नव्हती. पिशवी जागेवर होती. पिशवीत यंत्र नव्हतं.

बाबांना विचारायचं. एका वाक्याचं काम. पण त्या वाक्यात शिरायला त्या घरात दार ठेवलेलं नव्हतं. तिने कपाट लावलं. मनात पाल चुकचुकली, आणि तिच्या मागोमाग दुसरंच काहीतरी उठलं, सव्वीस वर्षांच्या बाईला न शोभणारं, वेडं, गरम: तो असला तर?

*

गुरुवारी धुकं होतं. असं, की आपलाच हात लांब केला तर दुसऱ्याचा वाटावा. घड्याळजीने दुकानावर ‘लगेच येतो’ची पाटी लावली आणि पिवळं यंत्र घेऊन आला. तेच ठरलं होतं: ओल्या हाताने चालतं, सेल संपले तर खिशातून दुसरे घालता येतात, आणि रेघ चिकटवत नाही. त्याच्या छोट्या पडद्यावर त्याने त्या जुन्या यंत्राची रेघ चढवून आणली होती. आता ती दोघं त्या रेघेवरून चालली होती.

पाणी दिसत नव्हतं, नुसतं लागत होतं, उजव्या कानाला. धाकटी पावलं मोजत होती. दर चाळीस पावलांवर रेघेत गठ्ठा यायचा, आणि तिथे तीही थांबायची. तो शेजारी थांबायचा. दोघं न दिसणाऱ्या पाण्याकडे बघायची आणि पुढे निघायची. सहाव्या थांब्यावर तिला जाणवलं की आपण कोणाच्या तरी जागी उभ्या आहोत, आणि ती जागा अजून ऊबदार आहे.

“मला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “दादा...”

“माहीत आहे मला.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. धुक्यात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता.

“कधीपासून?”

“दुसऱ्या आठवड्यापासून. एक गिऱ्हाईक बोललं.”

“आणि तरी तुम्ही दर वेळी विचारत होतात, दादांना कसं वाटलं म्हणून?”

तो म्हणाला की विचारलं नसतं तर तिला परत यायला निमित्त राहिलं नसतं. दुसरं काही सुचलं नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला काय सुचणार?

धाकटीला एकदम राग आला, आणि रागाच्या आत रडू. या एका माणसाजवळ आपण खोटं बोलतोय म्हणून ती रात्र रात्र कुढली होती, आणि तो आरामात त्या खोट्याला खुर्ची देऊन बसला होता.

“म्हणजे तुम्हीही आमच्यातलेच झालात,” ती म्हणाली. “आमच्या घरी आता असे खूप आहेत. अजून एक नकोय मला.”

“नाही होणार,” तो म्हणाला. “म्हणून आत्ता सांगतो, उद्यापासून दुकानात आला नाहीत तरी चालेल — नाही, चालणार नाही, पण सांगतो. मला तुम्ही आवडता. दादांच्या निमित्ताशिवाय. हे मी सोयीचं करून बोलत नाही.”

ती काही म्हणायच्या आत पुढे वाळू करकरली.

दोघंही जागच्या जागी थिजली. एक पाऊल. आणखी एक. सावकाश, जड, एका पायावर जरा जास्त भार देणारी चाल. चाळीसाव्या पावलाला थांबली. धुकं थोडं विरळ झालं आणि दहाएक हातांवर पाठमोरी आकृती दिसली. डोक्यावर टोपडं ओढलेला लांब रेनकोट. पाठीवर नारिंगी ठिगळ, आडव्या टाक्यांचं. ते ठिगळ धाकटीने स्वतः लावलं होतं, दादाच्या रेनकोटाला, तो शेवटचा घरी असताना.

ती एक पाऊल पुढे झाली.

“दादा?”

आकृती हलली नाही. मग हळूच वळली.

आई होती.

कोणी किंचाळलं नाही, कोणी धावलं नाही. आईच्या हातात जुनं यंत्र होतं, आणि चोरी करताना धरल्यासारखा चेहरा. ती आधी काय म्हणाली असेल तर, बाबांना सांगू नकोस. धाकटीच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच फुटला, आणि तिने आईला सांगितलं की बाबा तीन वर्षं हेच म्हणताहेत, आईला सांगू नकोस. आई तिथल्या दगडावर मटकन बसली.

मग एकेक कळत गेलं. गुडघ्याच्या व्यायामाला म्हणून आई दर गुरुवारी जायची, आणि एवढा व्यायाम करून गुडघा सुधारत कसा नाही म्हणून बाबा वैतागायचे, ते हे. चाळीस पावलांवर थांबायची, कारण चाळीस पावलांवर गुडघा बोलायला लागायचा. रेघ चढवायची तिला कुठून अक्कल. ग्रंथालयातल्या बाईंच्या हातात ती यंत्र ठेवायची आणि बाई न विचारता दादाच्या नावाने चढवायच्या. दादाचा काठ अर्धा राहिला होता, तेवढा पुरा करायचा होता तिला.

“पण सुरुवात पाण्यात का होते?” घड्याळजीने न राहवून विचारलं. इतका वेळ तो दोन पावलं मागे, टोपी हातात धरून उभा होता.

आईने धुक्यात बोट दाखवलं. शोधायला आलेल्या माणसांनी तिथे लाकडी फळ्यांचा धक्का बांधला होता, पाण्यात लांबवर गेलेला. तो नकाशात नव्हता. कोण घालणार? तिथे कोणी यायलाच तयार नव्हतं. आई दर गुरुवारी त्या धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहायची आणि तिथून यंत्र सुरू करायची.

 पाणी फळ्यांखाली चुळबुळत होतं.

मग आईने त्याच्याकडे नीट बघितलं — वरपासून खालपर्यंत, शिंपिणीची आईच ती.

“हे कोण?”

धाकटीच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. मंडळातले आहेत. घड्याळजी आहेत, यंत्र बघून द्यायला आलेत. वाटेत भेटले. तिन्ही खरी होती, आणि तिन्ही सोयीची. तिने त्यांतलं एकही उचललं नाही.

“मला हे आवडतात, आई,” ती म्हणाली. “तुझ्यासमोरच पहिल्यांदा म्हणतेय. त्यांनाही आत्ताच कळतंय.”

त्याच्या हातातली टोपी खाली पडली. ती उचलायला दोघंही एकदम वाकली, आणि डोक्याला डोकं लागलं. आईने दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. बराच वेळ केलं. मग रेनकोटाचं टोपडं मागे सारलं. केस विसकटलेले, चेहरा ओला, कशाने कोण जाणे.

“घरी येणार ना तुम्ही?” तिने त्याला विचारलं.

“बोलावलंत तर येईन, काकू.”

“या. पण घरी आलात की तिथे तुम्हाला भलतंच ऐकायला मिळेल, आणि मग तुम्हीही तसंच बोलायला लागाल. तसं नको. मुलीने धीर केलाय, आता मीही करते.” तिने शेजारच्या दगडावरची वाळू हाताने झाडली. “बसा इथे.”

तो बसला. सगळं माहीत असलेला तो माणूस, काहीच माहीत नसल्यासारखा, पूर्ण कान देऊन बसला. धाकटीने त्याच्या खांद्याला खांदा लावला आणि आईचा गार हात आपल्या हातात घेतला.

“मला एक मुलगा होता,” आई म्हणाली. “या तळ्यात बुडाला.”